दाजींचं माळवद

"सोन्यासारख्या माणसाला दारातनं माघारी धाडायचं? माझ्यानं न्हाय व्हायचं. तुला सांगायचं तर तू सांग."

"माघारी कोण धाडतंय? या म्हणा, बसा म्हणा, जेवा म्हणा. नुसतं माळवदावर चढू नका म्हणा."

"म्हंजे तेच झालं की!"

आबारावांनी तोंड धुवायचा तांब्या दगडावर इतक्या जोरात आदळला की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. चांगुणाबाईंनी केली नाही. त्या चुलीपुढं बसून पुरण घोटत होत्या. पुरण दाजींसाठीच होतं.

दाजी म्हणजे आबारावांच्या थोरल्या बहिणीचे, विठाबाईंचे यजमान. व्यंकटराव, राहणार तेर. लग्नाला इतकी वर्षं झाली, जावई म्हातारा झाला, तरी बेंबळीच्या या घरात त्यांचा पाट सगळ्यांच्या आधी मांडला जाई. आणि या घराचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, हे दाजींचंच, असं आबारावांच्या वडिलांपासून ठरून गेलं होतं. दर उन्हाळ्यात, पाऊस तोंडावर आला की दाजी बैलगाडीतून तेरच्या पांढरीची माती घेऊन येत. ती माती पाणी पीत नाही. वर चढून तिचा थर द्यायचा, मीठ टाकून चोपायचा, खाली उतरून हातपाय धुवायचे आणि पुरणपोळी खायची. मजुरी विचारायची कुणाची छाती नव्हती.

यंदा मात्र परतीच्या पावसानं बेंबळीला चांगलंच झोडपलं. दुष्काळात आभाळाकडं बघून डोळे दुखलेली माणसं, ती पावसाला नावं ठेवणार नव्हती. पण एका पहाटे मधल्या घरात धप्पकन आवाज झाला आणि पिठाच्या डब्यावर ढेकळांचा ढीग पडला. तुळई वाकली होती. बोळाकडच्या भिंतीला पोट आलं होतं. त्या मधल्या घरात आबाराव जन्मले, विठाबाई जन्मल्या, आणि आबाराव-चांगुणाबाईंची लेक गुलाबही तिथंच जन्मली. आता तीच गुलाब पहिल्या बाळंतपणाला दसऱ्यानंतर माहेरी यायची होती.

दुधवाल्याच्या तोंडी दाजींचा निरोप आला: घाबरू नका, माती घेऊन येतो, एक थर जास्तीचा देऊ.

आणि त्याच दिवशी चांगुणाबाईंनी कुणाला न विचारता गावातल्या दुसऱ्या गवंड्याला, श्रीमंतला, सांगावा धाडला होता.

"अन् त्यो श्रीमंत," आबाराव म्हणाले, "त्यो मजुरी घेणार. दाजी घरचे."

"घरचे हायत म्हणूनच म्हणते." चांगुणाबाईंनी पुरणाचं पातेलं उतरवलं. "सोसायटीच्या गोदामावरचे पत्रे उडाले, भिंत खचली, तवा तुमी दाजींना बोलावलं का? न्हाय. तुमी सगळे डायरेक्टर दारातल्या याच ढाळजेत बसला, माझा चहा प्यालात, अन् ठराव केला. काय केला ठराव?"

आबाराव पटका बांधायला लागले.

"मी आतनं ऐकत होते की. परवान्याचाच ठेकेदार पाहिजे, शिकलेलाच गवंडी पाहिजे, उद्या खत भिजलं तर जबाबदार कोण? असं तुमीच बोललात. खताच्या पोत्यावर परवान्याचा माणूस, अन् माझ्या पोरीच्या डोक्यावर दाजी?"

आबारावांनी पटक्याचा शेव खांद्यावर टाकला आणि बाहेर गेले. सोसायटीत ते बोलायला उभे राहिले की लोक ऐकत. घरात त्यांच्याच बोलण्याचा असा वापर होई, हे लोकांना माहीत नव्हतं.

दाजींची गाडी दारात आली तेव्हा पोळ्या लाटून होत आल्या होत्या. दाजी उतरण्याआधी त्यांचा आवाज उतरला.

"वैनी! काय म्हंतंय आमचं माळवद? रुसलंय व्हय?"

"रुसलं न्हाय दाजी, खाली आलंय भेटायला," चांगुणाबाई म्हणाल्या.

दाजी खदखदून हसले. माणूस दिलदार होता. मागून विठाबाई उतरल्या, गुडघा धरत, आणि उंबऱ्यातच म्हणाल्या, "चांगुणे, दुसरा गवंडी बोलावलास म्हणं. दुधवाला सांगत होता. आमच्या माणसाचे हात मोडले का गं?"

"हात कशाला मोडतील वन्सं? हातांचीच तर काळजी हाय मला."

"कोण गवंडी?" दाजींनी विचारलं. त्यांचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"श्रीमंत," आबाराव पडेल आवाजात म्हणाले. "आपल्या बौद्धवाड्यातला. उस्मानाबादला आयटीआयला शिकलाय. त्याच्याकडं सर्टिफिकेट हाय."

"कागदावरचा गवंडी!" दाजी म्हणाले. "बरं झालं. कागदानं माळवद झाकू."

श्रीमंत सायकलवरून आला. टेरिकॉटची पँट, खिशाला पेन, हँडलला अडकवलेल्या पिशवीत ओळंबा आणि हातोडी. त्यानं सायकल भिंतीला टेकवण्याआधी भिंतीकडं बघितलं आणि ती नेऊन लिंबाला टेकवली. त्याला नम्रपणा नावाची गोष्ट ठाऊक नव्हती. त्यानं आल्या आल्या पिशवीतून सर्टिफिकेटची गुंडाळी काढली, मेणकापडातून सोडवली आणि आबारावांपुढं धरली.

"आधी हे बघा काका. मागनं म्हणू नका, बघितलं न्हाय."

"मला काय बघायचंय," आबाराव म्हणाले, पण बघितलं. बघितल्यावर दाजींकडं सरकवावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

चांगुणाबाईंनी सगळ्यांना चहा दिला. श्रीमंतलाही घरातल्याच कपात दिला. विठाबाईंनी त्या कपाकडं बघितलं आणि काही बोलल्या नाहीत, कारण त्याची तक्रार त्यांनी मागंच करून झाली होती आणि उपयोग झाला नव्हता. श्रीमंतची पोरगी चांगुणाबाईंच्याच हातावर जन्मली होती.

चांगुणाबाई गावच्या सुईण. काम सासूकडून आलं होतं, जसं घरातल्या घरात चालत येतं तसं. पुढं सरकारनं सुईणींना शिकवायचं काढलं, आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी गावोगावच्या म्हाताऱ्या-कोताऱ्या बायका सतरंजीवर बसवल्या. चांगुणाबाईंना वाटलं होतं, आपल्याला काय शिकवणार? नर्सबाईंनी हात धुवायला शिकवलं, ब्लेड उकळायला शिकवलं, ते ठीक. पण बाकीचा बहुतेक वेळ एकाच गोष्टीवर गेला: कुठं हात लावायचा नाही. पाय सुजलेत, थांब. डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणते, थांब. हात आधी बाहेर आला, थांब, गाडी बोलाव. शेवटी पत्र्याची पेटी मिळाली आणि एक कागद मिळाला. कागद त्यांनी देवळीत ठेवला. तो वाचायला येत नव्हता. पण तो मिळाल्यापासून त्यांना नाही म्हणता यायला लागलं होतं.

आधी येत नव्हतं. सुईण घरची, तिनं नाही कसं म्हणायचं? आणि मग एकदा लक्ष्मीबाईच्या सुनेचे पाय टम्म सुजलेले बघून चांगुणाबाईंनी हात मागं घेतले. "माझं काम न्हाय, जिल्ह्याला न्या," म्हणाल्या. लक्ष्मीबाईनं बोळात उभं राहून शिव्या घातल्या. शिकून आल्यापासून भित्री झाली, म्हणाली. सोसायटीच्या ट्रॅक्टरमधून नेली सुनेला. आठवड्यानं ती पोर घेऊन परत आली, आणि लक्ष्मीबाई भाकरीच्या टोपलीत गूळ-खोबरं घेऊन दारात आली. शिव्यांबद्दल काही बोलली नाही. चांगुणाबाईंनीही विचारलं नाही.

तर श्रीमंतनं मधल्या घरात जाऊन तुळईवर हातोडी वाजवली, कान लावला. भिंतीला ओळंबा सोडला. सगळे उंबऱ्याबाहेर उभे. तो बाहेर आला आणि म्हणाला, "मी ह्यावर एक पाटीसुद्धा माती टाकणार न्हाय."

"मग करणार काय?" दाजी म्हणाले. "आरती?"

"आधी टेकू. मग सगळी माती खाली. पार लाकडापर्यंत. तुळई भिंतीच्या ओलीनं टोकाला कुजलीय, ती बदलायची. भिंत उतरवून परत बांधायची. तंवर हितं कुणी यायचं न्हाय. एवढं मान्य असल तर करतो. न्हायतर मी सायकलवर बसलो."

"ऐकलंस का आबाराव?" दाजींनी हात पसरले. "जुनं माळवद उकलायचं म्हणतोय! बापाच्या हातचं. अरे, पांढरीची माती आमची, दर साली आमी टाकतो, कधी ठिबाकलं का?"

"न्हाय ठिबाकलं," आबाराव म्हणाले.

"मग?"

"मग पडतंय कशानं?" चांगुणाबाई म्हणाल्या.

'न्हायतर मी सायकलवर बसलो' हे चांगुणाबाईंनी ओळखलं होतं. हे त्यांचंच वाक्य होतं, लक्ष्मीबाईच्या उंबऱ्यात उभं राहून म्हटलेलं. दाजींना कुणी कधी शिकवलं नव्हतं कुठं थांबायचं. आणि समजा त्यांना आतून वाटलं असतं की हे काम आपलं नाही, तरी ते बोलणार कसं? मेव्हण्याच्या घरी, पुरणाच्या वासात? आणि उद्या काही झालं तर जाब कुणाला विचारायचा? वन्संना?

"वर चला," श्रीमंत म्हणाला. "कडेनं उभं राहा. मधी कुणी येऊ नका."

शिडीनं तिघं वर गेले. चांगुणाबाई अंगणातून मान वर करून बघत राहिल्या. शेजारी विठाबाई, डोळ्यांवर हात धरून. श्रीमंतनं भिंतीवरच्या कडेला पहारीनं चर पाडला, जात्याएवढा रुंद, आणि खाली उकरत गेला. माती निघतच राहिली. पहार मुठीपर्यंत गेली, मग तो चरात गुडघे टेकून बसला.

"या, बघा," तो म्हणाला.

चराच्या कडेला थर दिसत होते, एकावर एक रचलेल्या भाकरीसारखे. पांढरा, पिवळट, पांढरा. मधे एक तांबडा.

आबाराव वाकले. त्यांचा चेहरा मऊ झाला. "हा तांबडा बाहत्तर सालचा. बैलं न्हवती, तेरला जायाला झालं न्हाय. वढ्याची माती आणली डोक्यावरनं."

"व्हय, व्हय," दाजी खुलले. "अन् त्याच्या वरचा माझा. पुढच्या साली लई चांगली माती आणली होती, बघ किती पांढरी हाय. त्याच्या वरचा बी माझा. त्या साली आपल्या दोघांत भांडण झालं होतं, तरी आलो होतो. हा बी माझा. हा सोसायटी निघाली तवाचा. हा गुलाबच्या लग्नाच्या आधीचा, जरा जाडच दिला, म्हणलं मांडवात पाणी नको. हा माझा... हा..."

खालून विठाबाईंचा आवाज आला. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्या खरोखरच चकित झाल्या होत्या.

"अहो, सगळे तुमचेच की हो! काढलं कधीच न्हाय काय?"

दाजींचं बोट थरावर तसंच राहिलं. त्यांनी चराकडं बघितलं, मग आपल्या पायाखाली बघितलं, आणि एक पाऊल कडेकडं सरकले.

"काढायचं असतं, हे कुणी बोललंच न्हाय कधी," ते म्हणाले. "आमचा बाप बी नुसतं टाकायचा."

"सगळेच टाकतात," श्रीमंत म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदा जरा मवाळपणा होता. "निम्म्या गावाच्या माळवदाचं हेच झालंय. माती चांगलीच हाय दाजी. पाणी एक थेंब आत न्हाय. पर वजन किती झालं? खाली लाकूडच हाय की."

दाजी शिडीवरून हळूहळू उतरले. नेहमीसारखा विनोद करत नव्हते. आबाराव मागून उतरले आणि बहिणीच्या नवऱ्याकडं बघायचं टाळून म्हशीकडं बघत उभे राहिले. अशा वेळी माणूस गाडी जुंपून निघून जातो आणि मग दोन-दोन वर्षं येणं-जाणं बंद पडतं, हे चांगुणाबाईंना ठाऊक होतं.

त्या घरात गेल्या, पाट मांडला, ताट वाढलं. पोळीवर तुपाची धार जरा जास्तच सोडली.

"दाजी, हातपाय धुवा. पोळी निवतीय."

"वैनी, आज काम कुठं झालं? काम न करता..."

"काम व्हायचंय अजून. एवढी माती खाली येणार, ती न्यायची कुणी? हिथं गाडी कुणाकडं हाय दुसरी? आमची एका चाकावर हाय."

दाजींनी त्यांच्याकडं बघितलं. मग हळूच हसले. "म्हंजे मी आणलेली मीच माघारी न्यायची?"

"माघारी कशाला? मळ्यात टाका. खालच्या तुकड्याला बांध घालायचाच हाय."

"लई हुशार गं बाई तू," विठाबाई म्हणाल्या, आणि भिंतीचा आधार घेत स्वतःहून दुसरा पाट ओढला. "तूप मला बी वाढ."

श्रीमंत लिंबाखाली हात धूत होता. त्यालाही ताट गेलं. दाजींनी त्याला खुणेनं जवळ बोलावलं आणि विचारलं, आमच्या तेरच्या घराचं माळवद बघायला कधी येशील? श्रीमंत म्हणाला, दिवाळीपर्यंत बुक आहे. दाजींना तो शब्द आवडला. त्यांनी तो दोनदा म्हणून बघितला.

आबाराव जेवून ढाळजेत आपल्या पलंगावर जाऊन बसले. दारातली ती मोकळी, हवेशीर ढाळज, भिंतीला सोसायटीच्या मंडळींसाठी टाकलेली घोंगडी, कोनाड्यात पानाचा डबा. त्यांनी सुपारी कातरायला घेतली. सगळं निभावलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

चांगुणाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. आतले-बाहेरचे सगळे ऐकतील एवढ्या आवाजात त्यांनी सांगितलं:

"मधलं घर उद्यापासून श्रीमंतच्या ताब्यात. गुलाबचं बाळंतपण या ढाळजेत होईल. तुमचा पलंग अन् सोसायटी, दोन्ही आज सांजच्याला गोठ्यात जातील."