काठीवरचे कपडे

बुओना व्हिस्टाजवळचा आमचा जुना ब्लॉक पाडून तिथे जास्त माणसं मावतील असा टॉवर होणार होता. सिंगापूरची गर्दी वाढत होती आणि आमची घरं रिकामी होत होती. वरच्या मजल्यावरचे साताऱ्याचे काका खिडक्यांबाहेरच्या काठ्यांवर वाळणारे कपडे बघून किती घरांत अजून माणसं आहेत त्याचा आकडा लिफ्टमध्ये रोज सांगायचे, "आज नऊ घरं, बरं का!" मला वैताग यायचा.

शेवटी काका, मी आणि समोरच्या विंगेतल्या चिनी आजी एवढेच उरलो. तेव्हा एकटे राहणाऱ्या काकांच्या तिन्ही खिडक्यांबाहेर कपडे दिसू लागले. तेही कोरडे, इस्त्रीचे.

"हे काय, काका?"

"अहो, आजीपण खिडकीत बसून मोजतात. कपडे कमी दिसले तर घाबरतील ना!"

दुसऱ्या दिवशी मीही कपाटातले चार शर्ट काठीवर घातले.