जांभळाखाली पुरलेली पिशवी

आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवरच्या तक्त्यावर छडी टेकवून मी, तिथली नर्स, वर्षानुवर्षं बायकांना सांगत आले. ही गर्भाची पिशवी, मुठीएवढी. पुढे लघवीची पिशवी, मागे गुदाशय, दोन्ही बाजूंना नळ्या आणि अंडाशयं. खालून स्नायूंचा आधार. तो सैल पडला की पिशवी खाली सरकते, अंग बाहेर येतं. मला सगळं तोंडपाठ होतं, आणि ऐकून घ्यायची सवय मात्र नव्हती.

कडावच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथली एक कातकरी बाई आली. मोळ्या वाहून वाहून तिचं अंग पार बाहेर आलेलं. चिंध्यांनी बांधून ती चार वर्षं तशीच कामाला जात होती. मी तिला फाडफाड बोलले आणि कर्जतच्या दवाखान्यात पिशवी काढायचं ठरवूनही टाकलं. ती एका अटीवर कबूल झाली.

"काढलेली पिशवी मला आणून दे, बाई. दाराशी पुरते."

तिचं एकुलतं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. दूर कुठल्याशा वीटभट्टीवर पुरलेलं. ती जागाही आता सापडत नव्हती.

"माजं पोर दुसरीकडं कुटं रायलंच नाय गं. त्याचं घर तेच."

वाडीत बाळंतपणानंतर पडलेली वार दाराशी पुरतात, त्यामुळे तिच्या मागण्यात वेडगळ काही नव्हतं. मी हो म्हटलं आणि ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांना सांगायला साफ विसरले. पिशवी कचऱ्यात गेली.

घरी सोडलं त्या दिवशी तिने विचारलं. मी तोंड वर करून सांगितलं, "उपकेंद्रामागच्या जांभळाखाली पुरली."

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी ती यायची, जांभळाच्या बुंध्याशी तांब्याभर पाणी ओतायची आणि निघून जायची. सहा वर्षं. मला मागच्या खिडकीशी बसवेना. भर दुपारी ती ओली माती दिसली की मी खिडकी लावून घ्यायचे. तक्ता शिकवताना छडी त्या लाल पिशवीवर आली की मी ती घाईने पुढे सरकवायचे. तिथे खाली कुणीतरी आहे असं मलाही वाटायला लागलं होतं.

यंदा नव्या खोलीसाठी जांभूळ तोडायचं ठरलं. मी तिला बोलावून सगळं खरं सांगितलं आणि रडले.

ती हातातला तांब्या घेऊन जांभळाकडे वळली. "मला पयल्याच दिवशी कळलं व्हतं. माती उकरलेली नव्हती."

"मग पाणी कशाला घालत होतीस?"

"कुटंतरी घालाया नको का?" तिने तांब्या माझ्यापुढे धरला. "आता कुटं घालू, ते तू सांग."