दाराबाहेरचं स्टूल

मंडईमागे खाऱ्या पाण्यातले शोभेचे मासे विकणारे एक गृहस्थ आहेत. गिऱ्हाईक दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला दाराबाहेरच्या स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "वेगळी टाकी आहे?"

"कशाला? घरी मोठी टाकी आहे की."

"नवा मासा चार आठवडे वेगळा ठेवायचा. अंगावर पांढरे ठिपके उठत नाहीत ना, ते बघायचं. मगच मोठ्या टाकीत. नाहीतर असलेलेही जातील. मग या इथे रडायला, मला वेळच वेळ आहे."

मी निमूटपणे छोटी टाकी लावली. रोज संध्याकाळी जाऊन पाण्यातल्या मिठाचा आकडा सांगायचो. ते नुसती मान हलवायचे, मासा काही देईनात. आतल्या बाकावर त्यांची जुनी गिऱ्हाइकं चहा पीत बसलेली असत. मी आपला बाहेर, त्यांच्या चपला राखत.

महिनाभराने गेलो, तर स्टूल जागेवर नव्हतं. त्यांनी चष्मा पुसून मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"या आत," ते म्हणाले. "ठिपके दिसत नाहीत."