वाटणीतला आंबा आणि डिसइंटरेस्टेड बहीण

डोणगावला मी गेली बावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवते, आणि ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द चुकीचा वापरलेला दिसला की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. मुलं बिनधास्त लिहितात, माझा भाऊ अभ्यासात डिसइंटरेस्टेड आहे. अरे, त्याला अभ्यासाचा कंटाळा आहे, म्हणजे तो अनइंटरेस्टेड! डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचा त्या गोष्टीत स्वतःचा काही फायदा-तोटा नाही असा. त्याला कळकळ असू शकते, तो मन लावून ऐकू शकतो, फक्त त्याचा स्वार्थ मध्ये नसतो. न्यायाधीश असा हवा, क्रिकेटचा अंपायर असा हवा. एवढं घसा फोडून सांगितलं तरी पुढच्या पेपरात तोच भाऊ तसाच डिसइंटरेस्टेड असतो.

गेल्या वर्षी उंद्रीजवळच्या आमच्या माहेरच्या शेताची वाटणी करायचं माझ्या दोन भावांनी ठरवलं. भांडण काही नव्हतं, मुलं मोठी झाली म्हणून. दोघेही माझ्याहून लहान. थोरल्याचा फोन आला, “ताई, तूच करून दे वाटणी. तुले त्यात काही घेणंदेणं नाही.” खरंच नव्हतं, माझा हिस्सा मी केव्हाच सोडून दिला होता. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्याच दिवशी वर्गात त्या शब्दासाठी मी स्वतःचंच उदाहरण देऊन टाकलं, काय सांगू!

रविवारी सकाळी आम्ही तिघं बांधावर बसलो. रस्त्याकडचा तुकडा थोरल्याला, विहिरीकडचा धाकट्याला, हे दोघांना आधीच पसंत होतं. अडलं ते मधल्या बांधावरच्या आंब्याशी. झाड रायवळ, पण रसाला असं गोड की दोघांच्याही घरी ते हवं होतं. बांध कुठून सरळ जातो, ट्रॅक्टर कुठे वळतो, सावली कोणाच्या पिकावर पडते, हे सगळं मी बाईंच्या आवाजात समजावलं आणि झाड धाकट्याच्या बाजूला लिहिलं. थोरला म्हणाला, “तू म्हणशील ते.”

माझे कान तापले. कारण दर मे महिन्यात धाकटा याच झाडाच्या आंब्यांची पाटी माझ्या दारात आणून ठेवतो. थोरला एकदाही आलेला नाही. “येऊन घेऊन जाय” म्हणतो. झाड लिहिताना ती पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती, बांधबिंध नंतर सुचला. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण थोरल्याने डोळे झाकून माझ्यावर सोडलं होतं, आणि मी त्यालाच फसवत होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“थांबा,” मी म्हणाले, “मले आंबे पाह्यजेत म्हणून झाड याले देलं. फाडा तो कागद, दुसरा पंच आणा.”

धाकटा हसत सुटला. थोरला मात्र शांतपणे म्हणाला, “मले समजलंच होतं, ताई.”

“मंग बोलला काऊन नाही?”

“काय बोलू? झाड माह्याकडे आलं तं तुह्या दारापर्यंत आंबे येणार नाहीत. माहा आळस मले ठाऊक आहे. राहू दे त्याच्याकडंच, तुले भेटत तं राहतीन.”

मग त्याने माझ्या हातातून कागद ओढून घेतला आणि सगळ्यांत आधी आपली सही केली.