वाचून दाखवलेली फिर्याद

"आलो हाय मी. माझा नाव लिवा."

चौकीच्या पायरीशी तो क्षणभर थांबायचा, मगच आत यायचा. गावाकडची माणसं चपला काढायला तिथं थांबतात, ते त्याने पाहिलं होतं. त्याच्या पायात चपला कधीच नसायच्या, तरी तोही थांबायचा. मग आत येऊन भिंतीला टेकून उकिडवा बसायचा आणि वरचं वाक्य म्हणायचा.

मी त्या वेळी भिवंडीच्या पुढं, नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका चौकीत रायटर होतो. रायटर म्हणजे लिहिणारा शिपाई. फिर्याद, जबाब, पंचनामा, सगळं माझ्या हातचं. सत्तर सालानंतरची ती वर्षं. भाताच्या शेतांमध्ये सुताची गोदामं उभी राहू लागली होती, आणि गोदामांबरोबर चोऱ्याही आल्या होत्या.

तो कातकरी. टेकडीमागच्या वाडीत राहायचा. त्याचं नाव इथं लिहीत नाही. रजिस्टरात पुष्कळ वेळा लिहिलंय, तेवढं पुरे. इंग्रजांच्या वेळी त्याची जमातच गुन्हेगार ठरवली होती. तो कायदा कधीच गेला होता, पण चौकीतली सवय गेली नव्हती. चोरी कुठंही होवो, आमचे जमादार आधी कातकरी वाडीवर माणसं पाठवायचे. मग मडकी फुटायची, बाया लेकरं घेऊन रानात पळायच्या. ते टाळावं म्हणून चोरीची बातमी कानावर आली की हा आपणहून यायचा. फडक्यात भाकरी बांधलेली असायची. दोन दिवस ठेवतील, हा त्याचा हिशेब सहसा चुकत नसे.

एकदा राहनाळकडच्या गोदामातून सुताच्या पेट्या गेल्या. जमादारांनी त्याला उभं केलं. तो जरा विचार करून म्हणाला, "सायेब, मंगळवारची चोरी ना? मंगळवारी मी हितंच व्हतो. तुमच्याच कोठडीत."

आम्ही शिपाई तोंड फिरवून हसलो. जमादार मात्र हसले नाहीत. "मग तुझा भाऊ असेल," ते म्हणाले, आणि त्याच्या भावाला आणवलं.

पावसाळ्यात तो ओढ्यातले खेकडे आणून द्यायचा. जमादार खेकडे घ्यायचे आणि त्याच आठवड्यात त्याच्यावर कमरेचा पट्टाही काढायचे. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. मलाही तेव्हा वाटत नसे, हेही सांगायला हवं. मी अंजूरचा, शेतकरी घरातला. कातकरी म्हणजे चोर हे लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते कधी तपासून पाहिलंच नाही.

मग एका सकाळी तो आला, तो बांबूला बांधलेली झोळी खांद्यावर घेऊन. दुसरं टोक वाडीतल्या एका माणसाच्या खांद्यावर होतं. झोळीत त्याचा भाऊ होता. मेलेला.

"गोदामाच्या वाचमननी मारला," तो म्हणाला. "तिघं व्हते."

"तो तिथं गेलाच कशाला?" जमादारांनी विचारलं.

"खोकी फोडतात, त्याच्या फळ्या टाकतात मागं. चुलीला आणाया गेलता."

गोदाममालकाची जीप त्याच्या आधीच चौकीच्या अंगणात येऊन उभी होती. जमादार माझ्या कानाशी वाकले. "अकस्मात मयत लिही. पाय घसरून दगडावर पडला." आणि ते जीपकडे गेले.

मी लिहिलं. चार ओळी झाल्या.

शाईची डबी पुढं केली की तो नेहमी न विचारता अंगठा द्यायचा. त्या दिवशी त्याने हात पाठीमागे नेला. "पयला वाचून दावा, रायटरसायेब."

कागद माझ्या हातात होता. त्याच्यावर लिहिलेलं वाचण्याची माझी हिंमत झाली नाही. मी कागदाकडे बघत, त्याने सांगितलं होतं तेच वाचू लागलो. तीन वॉचमन. काठ्या. गोदामामागचं चिंचेचं झाड. 'मी चोर न्हाय' असं भाऊ ओरडला.

"दोनदा वरडला," तो म्हणाला. "दोनदा लिवा."

मी 'दोनदा' असं वाचलं. त्याने मान हलवली आणि अंगठा उठवला.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी तो यायचा. "आमचा कागद कुठवर गेला?" मी म्हणायचो, चौकशी चालू आहे. मधे एका चोरीत तो दोन दिवस आत होता, तर कोठडीच्या गजाआडूनही त्याने तेच विचारलं. आपलंही काही सरकारदरबारी लिहिलं गेलंय, याचा त्याला आधार वाटत असावा. मला त्याचा आवाज ऐकला की बाहेर निघून जावंसं वाटे.

असे सहा-सात महिने गेले. मग एक दिवस दुपारी तो भावाच्या बायकोला घेऊन आला. जमादार बंदोबस्तावर गेले होते.

"भिवंडीला कोर्टात एका कारकुनाने नक्कल वाचून दावली," तो म्हणाला. "त्यात भाऊ घसरला म्हंतात."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही वाचला तवा बरोबर व्हता," तो म्हणाला. मग भावजयीकडे हात केला. "हिनं ऐकला न्हाय. हिला एकदा ऐकवा. त्या दिशी वाचला तसाच."

टेबलावर कोरे फॉर्म पडले होते. त्यातला एक मी उचलला आणि वाचू लागलो. तीन वॉचमन. काठ्या. चिंचेचं झाड. एकही शब्द मी विसरलो नव्हतो. 'मी चोर न्हाय' असं भाऊ ओरडला, इथपर्यंत आलो.

"दोनदा," ती बाई म्हणाली. "त्याचा वरडना वाडीवर आईकला व्हता मी."

मी वाचून संपवलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि मला हात जोडले. ती दोघं पायरी उतरून टेकडीच्या वाटेला लागली.

दिवाळीनंतर वाडी वीटभट्ट्यांवर गेली. पावसाच्या तोंडावर बाकीचे परतले, ती दोघं परतली नाहीत. बाजारात कुणी म्हणालं पनवेलकडे गेली, कुणी आणखी कुठं. शोध घ्यायचा तर त्यांच्या माणसांना विचारायला हवं होतं, आणि मी खाकी घालून वाडीच्या दिशेने निघालो की वाडी रिकामी व्हायची. एकदा मी टेकडीवर चढून लांबूनच त्याचं खोपटं पाहिलं. छपराचा एक भाग खाली आला होता, आणि दारातून पलीकडचं रान दिसत होतं.