सुरेखाबाई आणि सावली नसलेला पोरगा

वडगाव रासाईच्या विहारात रविवारची वंदना संपली की लगेच चपला शोधायची सोय नव्हती. साहेबराव आबांनी घालून दिलेला नियमच होता तसा. ज्यानं त्यानं उभं राहून आठवड्यात काय वाचलं ते सांगायचं. वाचलं नसेल तर तेही सांगायचं, पण उभं राहून. म्हस्कू नावाचा एक गडी गेली दोन वर्षं दर रविवारी उठून "काय न्हाई" एवढंच सांगत होता, आणि त्याला कुणी हसत नसे. खोटं बोलणार नाही हे शील नुसतं पाली भाषेत म्हणून भागत नाही, ते उभ्यानं पाळता आलं पाहिजे, असं आबांचं म्हणणं होतं.

विहाराच्या मागच्या खोलीत तीन कपाटांचं वाचनालय होतं. ते सांभाळायच्या आबांच्या सूनबाई, सुरेखाबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय बेचाळीस, आवाज खणखणीत. नवरा नागसेन रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर. गावात कुणाच्या अंगात आलं की पोरांना गोळा करून त्यातली लबाडी समजावून सांगणाऱ्या बाई त्याच. तिठ्यावर कुणी उतारा टाकला तर त्यातलं लिंबू त्या उचलून घरी आणत आणि सगळ्यांसमक्ष सरबत करून पीत.

आणि अशा बाईच्या कपाटात, हिवाळ्याच्या गोधड्यांच्या घडीत, एका भुताचं प्रेमप्रकरण लपवलेलं होतं.

'सावली नसलेला' असं त्या कादंबरीचं नाव. दोन हजार नऊ साली कॉलेजच्या पोरींना तिनं वेड लावलं होतं. निळं कव्हर, वर चंद्र. बाईंचं माहेर यवतचं. आईला भेटून परतताना स्टॅंडवरच्या दुकानात त्यांनी भाग पहिला घेतला, तो शाळेतल्या मोठ्या मुली काय वाचतात हे तपासायला. निदान दुकानदाराला तरी त्यांनी तसंच सांगितलं. त्यानं काही विचारलंही नव्हतं! भाग दुसरा घेताना मात्र त्या काही बोलल्या नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळून द्या, एवढंच म्हणाल्या.

गोष्ट म्हणाल तर अगदीच यथातथा. साठ वर्षांपूर्वी तळ्यात बुडून मेलेला पोरगा, अजून अठरा वर्षांचाच. आभाळ आलं की तो येतो, म्हणजे उन्हात सावली नसल्याचं कुणाला कळत नाही. बारावीतली एक मुलगी त्याच्यावर जीव टाकते. तो तासन्‌तास तिच्या खिडकीशी उभा राहतो, आणि लेखिकेला याचं भारी कौतुक. गावात कुणी असा खिडकीशी उभा राहिला असता तर बाईंनी स्वतः त्याला पायताणानं हाणला असता. आणि ती पोरगी! सराव परीक्षा सोडून त्याच्यामागं धुक्यात धावते. वाचताना बाईंचा जीव वरखाली व्हायचा. अगं बये, आधी पेपर तर दे!

तरी पुस्तक खाली ठेववत नव्हतं. तो पोरगा दर वेळी "येऊ का?" असं विचारायचा आणि उत्तराची वाट बघत उभा राहायचा. सुरेखाबाईंना उभ्या आयुष्यात असं कुणी विचारलं नव्हतं. नागसेन वाईट नव्हता, पण त्याचं विचारणं म्हणजे डबा भरला का. आणि दुसरं असं की नुसतं मजेखातर वाचणं त्यांना ठाऊकच नव्हतं. लहानपणापासून वाचलं ते परीक्षेसाठी, मग नोकरीसाठी, मग समाजासाठी. पुस्तकात पाय सोडून बसण्याची ही पहिलीच खेप होती.

आणि त्याचीच त्यांना लाज वाटे. आबा लहानपणी शाळेच्या व्हरांड्यात बसून बाहेरून धडे शिकलेले. चार अक्षरांसाठी त्या माणसानं काय काय सोसलं, आणि त्याची सून त्या अक्षरांतून भुताचं लाडंलाडं वाचते! दर रविवारी उभं राहून त्या एखाद्या भारदस्त पुस्तकाचं नाव सांगत. पूर्वी कधीतरी वाचलेलंच असे, त्यामुळे बोलायला अडत नसे. पण "या आठवड्यात" हे दोन शब्द उच्चारताना जीभ जड व्हायची.

श्रावणातल्या एका रविवारी गौतमी उभी राहिली. न्हावऱ्याला अकरावीला जाणारी ही पोर रंभाची नात. रंभा लोकांच्या रानात खुरपायला जायची आणि नातीला एकटीनं वाढवायची. गौतमी म्हणाली, "मी 'सावली नसलेला' वाचतेय. भाग दुसरा. मैत्रिणीकडून आणला." लोक हसले, पण पोरगी थांबली नाही. त्या पोराला तळ्यात नायिकेच्या आजोबानंच ढकललं होतं, हेही तिनं सांगून टाकलं. सुरेखाबाई अजून तिथवर पोचल्या नव्हत्या!

आबांनी सुनेकडं पाहिलं. "हे आपल्या कपाटातलं हाय का?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. कुणी आणखी काही विचारायच्या आत सुरेखाबाई कडाडल्या, "आपल्याकडं असला कचरा येत नाही. गौतमी, दीक्षा घेऊन भूतखेतं सोडली त्याला त्रेपन्न वर्षं झाली. तुझी आजी दुसऱ्याच्या बांधावर कंबर मोडून घेते, ती तू असलं वाचावं म्हणून? तिची तरी लाज धर."

गौतमी खाली बसली. तिच्या शेजारी बसलेल्या रंभानं मान खाली घातली. त्या रागात आजोबाची भानगड आधी फुटल्याचा रागही होता, हे बाईंना घरी गेल्यावर कळलं. खरं बोलणारी पोर गप्प बसवली आणि लबाड बोलणारी बाई सगळ्यांना शहाणी दिसली. तरी त्या आठवड्यात त्यांनी भाग दुसरा वाचून संपवला, हेही सांगायलाच हवं.

पुढच्या रविवारी गौतमी आपणहून उठली. एका समाजसुधारकाचं चरित्र वाचलं म्हणाली. जन्म, शिक्षण, कार्य, सगळं घडाघडा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा खुशीत म्हणाले, "सूनबाईनं कान उपटला, बघा, पोर लायनीवर आली."

वाचनालयातली त्या चरित्राची एकुलती एक प्रत बाईंडिंग सुटलं म्हणून महिनाभर सुरेखाबाईंच्याच घरी पडली होती. पोरीनं शाळेतला धडा म्हणून दाखवला होता. खोटं बोलायला ती ज्यांच्यामुळे शिकली त्यांचीच आता पाळी होती.

त्या उभ्या राहिल्या.

"मी 'सावली नसलेला' वाचला. दोन्ही भाग. गेल्या रविवारी गौतमीला बोलले, तेव्हा दुसरा निम्मा झाला होता. त्याआधी सहा महिने इथं उभी राहून मी दर रविवारी खोटं बोलले."

कुणी हसलं नाही. नागसेन बायकोकडं पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघत राहिला. आबांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून ठेवला.

गौतमीनं बसल्या जागेवरून विचारलं, "मग बाई, माझ्या आजीचं नाव कशाला काढलंत?"

"भ्याले गं," सुरेखाबाई म्हणाल्या. "मी सापडेन म्हणून भ्याले. रंभाक्का, माझं चुकलं."

रंभानं पदर सावरला. या विहारात ती कधी उभी राहून बोलली नव्हती. तिला अक्षरओळखच नव्हती, म्हणून आबांचा नियम तिला लागू नव्हता. आता ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"वाचत व्हती ती मलाच," रंभा म्हणाली. "रोज भाकरी थापताना चुलीम्होरं बसून दोन दोन पानं. म्याच म्हनायची, फुडं वाच. तुमी बोलला त्या दिवशी पोरीनं पुस्तक माघारी देऊन टाकलं. त्या लेकराला आजोबानं ढकललं, हितवर मला कळलंय. फुडं त्याचं काय झालं, ते न्हाई कळलं."

सुरेखाबाईंना शेवट ठाऊक होता. पण तो न सांगता, "रंभाक्का, संध्याकाळी भाग दुसरा घेऊन चुलीपाशी येऊ का?" एवढंच विचारून त्या उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.