जड शेळी

त्या म्हाताऱ्यावर माझा अजून राग आहे. चिंचोळी एमआयडीसीमागे, कारखान्यांच्या नाल्याकाठी भर उन्हाळ्यात हिरव्या राहणाऱ्या गवतावर तो शेळ्या चारायचा. नातीच्या दुधासाठी मी एक शेळी बघायला गेलो. मी किंमत जास्त म्हणून ओरडत होतो आणि तो शेळीचा कान खाजवत होता.

"सायेब गवत तपासून गेले. त्यात जड धातू हायत म्हनले. मग जनावर जड भरनारच की!"

"मग भाव पाड," मी म्हणालो.

त्याने लगेच पाडला. पैसे घेऊन त्याने चहा दिला, तोही कोरा.

"एवढ्या शेळ्या, आणि दूध नाही?"

"हाय की, मालक," दावं माझ्या हातात देत तो म्हणाला, "पन घरात लेकरं हायत, म्हनून ह्ये दूध घरात आनत न्हाई."